पाहुण्यांच्या खोलीचं पाणी

पहिल्याच चाचणीत टाकीतलं पाणी इतक्या दणक्यात पास झालं की बाबांनी ऑफिसातून येताना सगळ्यांसाठी आईस्क्रीम आणलं.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य. काचेच्या तीन चिमुकल्या नळ्या खिडकीच्या कट्ट्यावर उभ्या होत्या, एक पिवळी, एक आकाशी, एक पुन्हा पिवळी, आणि शेजारी रंगांचा तक्ता. तिन्ही रंग तक्त्यातल्या पहिल्या घराशी असे बिनचूक जुळत होते की बाबांना त्या नळ्यांवर खात्याचा शिक्का ठोकावासा वाटला.

शिक्का त्यांच्याकडे होताच. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तराजूखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोकळ केलेलं वजन, तळाला पत्रा ठोकून उथळ केलेलं दुधाचं माप, हे सगळं त्यांना नुसत्या वासावर कळायचं. ते बाजारपेठेत शिरले की दुकानादुकानातले काटे आपोआप खरं बोलायला लागत. घरी मात्र हा दरारा फक्त वजनकाट्यापुरता होता, आणि घरातला वजनकाटा बंद होता.

तर आईस्क्रीम संपवून बाबा तो निकाल घेऊन मासेवाल्याच्या दुकानात गेले. या माणसाला सगळे समुद्रशेठ म्हणत, कारण समुद्र ही आपल्या आजोबांनी ठेवलेली इस्टेट आहे आणि आपण ती लोकांना उदार मनाने वापरू देतो, अशा थाटात तो बोलायचा. त्याने बाबांचं सगळं ऐकून घेतलं, एका माशाला उगीचच रागावला, आणि मग म्हणाला, "सगळं शून्य म्हणजे तुमच्या टाकीत काहीही घडलेलं नाही, साहेब. ते पाणी स्वच्छ नाही. ते नुसतं रिकामं आहे."

ज्या माणसाने आयुष्यभर शून्यावर आलेला काटा पाहून समाधानाने मान डोलावली, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल याची कल्पना करा.  आईस्क्रीम उगीच आणलं, एवढंच बाबांच्या मनात आलं.

आता ही टाकी कसली ते सांगायला हवं, आणि त्यासाठी आधी घरातल्या दुसऱ्या, मोठ्या टाकीबद्दल. दिवाणखान्यातली मोठी खाऱ्या पाण्याची टाकी मुलांच्या आईची. तिनेच ती उभी केली, तिनेच वाढवली, आणि ती गेल्यावरही टाकी चालू राहिली, कारण बंद कशी करायची हे कुणालाच माहीत नव्हतं. मग एक दिवस आईचा एक मावसभाऊ भेटायला आला. घरात जरा हसतंखेळतं वाटावं म्हणून त्याने प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळाधमक मासा आणला होता. (त्या दिवसापासून त्याचं नाव सांत्वनमामा पडलं.) बाबांनी त्याच्यासमोरच पिशवी कापली आणि मासा थेट मोठ्या टाकीत सोडला. माशाबरोबर रोगही आत गेला. बघता बघता आईची टाकी ओस पडली. बाईसाहेब नावाची मोठी, रुबाबदार मादी गेली. तिचा बुटका नवरा मुकादम तेवढा तगला. नारिंगी अंग, तीन पांढरे पट्टे, आणि सगळ्या टाकीवर देखरेख करत फिरायची सवय, म्हणून मुकादम.

नवा मासा आणला की आई त्याला आधी कित्येक दिवस मागच्या खोलीतल्या छोट्या टाकीत ठेवायची. ती त्या टाकीला पाहुण्यांची खोली म्हणायची. बाबा दर वेळी थट्टा करायचे, आता माशांसाठी लॉज काढलंय, चादरी बदलायला माणूस ठेवा. थट्टा केली म्हणून ती खोली त्यांच्या लक्षात होती, आणि नेमकी पिशवी कापायच्या वेळी ती आठवली नाही, हे त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. घरात हा विषय कुणी काढत नव्हतं. घरात कुठलाच विषय कुणी काढत नव्हतं.

मुकादमाने आता देखरेख सोडली होती. कोपऱ्यात काचेला तोंड लावून तो उभा असायचा. दाणे टाकले की एखादा तोंडात घ्यायचा आणि पुन्हा बाहेर सोडायचा. समुद्रशेठचं म्हणणं, जोडीदार नसला की हे असे खंगतात. त्याच्याच जातीचा एक छोटा माझ्याकडे आहे, तो मी तुमच्यासाठी धरून ठेवतो, पण या खेपेला पाहुण्यांच्या खोलीतूनच न्यायचा. आणि एक गोष्ट त्याने जाता जाता सांगितली. या जातीत घरची मोठी बाई गेली की नवराच हळूहळू बाई होतो. अंगाने वाढतो, सगळं घर स्वतःकडे घेतो, आणि त्याला नवा छोटा नवरा लागतो.

त्याच दिवशी सकाळी बाबांनी धाकटीच्या गणवेशाची उसवलेली बाजू स्टेपलरने शिवली होती.

"जमतं का त्याला?" त्यांनी विचारलं.

"खाल्लंप्यायलं तर जमतं," समुद्रशेठ म्हणाला. "वेळ लागतो."

म्हणून पाहुण्यांची खोली. मागच्या खोलीत, जिथून आईची कॉट हलवली होती आणि जिथे त्यानंतर कुणी बसत नव्हतं, तिथे बाबांनी ती छोटी टाकी मांडली. समुद्री मीठ मोजून घातलं, खारटपणा मोजायच्या दुर्बिणीसारख्या नळीतून एक डोळा मिटून पाहिलं, हीटर लावला, स्पंजाची गाळणी लावली. आणि आता समुद्रशेठ म्हणत होता की एवढ्याने काही होत नाही. पाण्यात घाण करायची. घाणीचा अमोनिया होतो. अमोनिया खाणारे जिवाणू स्पंजात वस्ती करतात, त्यांच्यापासून नायट्राइट होतं, तेही विषच. मग ते खाणारे दुसरे जिवाणू येतात, आणि शेवटी उरतं ते नायट्रेट, ज्याचा फारसा त्रास नसतो. अमोनिया वर चढून आपोआप खाली यायला हवा, मग नायट्राइट वर चढून आपोआप खाली. हे झालं की खोली राहायला तयार. तोवर हात लावायचा नाही. घाण कुठून आणायची, असं बाबांनी विचारलं तेव्हा शेठने कागदात गुंडाळून एक कोळंबी दिली. ही पाण्यात सोडा आणि सडू द्या.

घरी आत्याने कागद उघडून पाहिला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई आजारी पडली तेव्हा मदतीला आली होती आणि मग राहिलीच. ती इतकी स्वच्छ होती की साबण वापरायच्या आधी साबण धुवायची. घरात मुद्दाम काहीतरी सडवायचं, आणि तेही सरकारी नोकरीतल्या माणसाने, ही कल्पनाच तिला पेलेना. कोळंबी धाकटीच्या जुन्या पायमोज्यात घालून टाकीत लोंबकळत ठेवली, तेव्हा आत्या गॅलरीत जाऊन उभी राहिली.

वासाने मजल दरमजल करत जिना गाठला. खालच्या काकूंना वाटलं ड्रेनेज तुंबलं, वरच्यांना वाटलं उंदीर मेला. सोसायटीच्या चेअरमनने पत्र पाठवलं: आपल्या सदनिकेत आपण समुद्र ठेवला असल्याचं समजतं, तरी त्याचं एकूण वजन किती व ते स्लॅबला झेपेल काय, याचा अधिकृत दाखला सादर करावा. आता वजनाचा अधिकृत दाखला देणारा त्या सबंध इमारतीत एकच माणूस होता. बाबांनी पाण्याचं, मिठाचं, काचेचं आणि पायमोज्यासह कोळंबीचं वजन लिहून, खाली सही करून तो सादर केला. चेअरमनने तो स्वीकारला, आणि वजनाबद्दल समाधान झालं असून वासाबद्दल स्वतंत्र पत्र येईल, असं कळवलं.

शेजारचे मीटरकाका मात्र खूश होते. ते वीज कंपनीत मीटरचं रीडिंग घेत घेत निवृत्त झाले होते, आणि घेण्यासारखं रीडिंग आयुष्यात उरलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी ते चष्मा पुसत हजर व्हायचे. नळ्या उजेडात धर, ट्यूबलाइटखाली नको, तक्ता जरा तिरका, असं त्यांचं चालायचं. चाचणी करायचं काम धाकटीचं. ती नववीत होती आणि शाळेत प्रयोगशाळेची चावी तिच्याकडे असायची, त्यामुळे थेंब टाकताना तिचा चेहरा एखाद्या शास्त्रज्ञासारखा व्हायचा.

आणि मग एका संध्याकाळी पिवळी नळी हिरवी झाली.

खरं तर हीच आनंदाची बातमी. अमोनिया आला. आईस्क्रीम आणायचं तर आज. पण ती हिरवी नळी धाकटीच्या हातात पाहिल्यावर बाबा, आत्या आणि कॉलेजातून नुकताच आलेला दादा, तिघांचे चेहरे असे उतरले की मीटरकाकांनी विचारलं, कुणाचा फोन आला का? कुणाचाच आला नव्हता. या घराने वर्षभर रोज संध्याकाळी आईच्या तपासण्यांच्या आकड्यांची वाट पाहिली होती. चढलेला आकडा म्हणजे काय, हे सगळ्यांच्या अंगात मुरलं होतं. आकडा चढायला हवा असं समुद्रशेठने कितीही सांगितलं, तरी अंगाला ते पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना बाबा सहज मागच्या खोलीत गेले. टाकीकडे पाहिलं. मोजा लोंबकळत होता. मुलं संध्याकाळी पुन्हा तो रंग बघणार, आणि त्यांची तोंडं पुन्हा तशी होणार. बाबांनी दाराकडे एकदा वळून पाहिलं, मग टाकीतून एक मग पाणी काढून ओतून दिलं आणि ड्रममध्ये कालवून ठेवलेलं ताजं खारं पाणी तेवढंच आत घातलं. एक मगाने काय होतंय. मापाची एवढीतेवढी तूट खात्यालासुद्धा मान्य असते. त्यांनी मग पुसून जागेवर ठेवला आणि बाजारपेठेत जाऊन एका तेलवाल्याला कमी मापाबद्दल अर्धा तास झापलं.

त्यानंतर मगाची सवय झाली. कधी दोन.

टाकीत मात्र काही केल्या पुढचं पाऊल पडेना. हिरवा रंग यायचा, फिका व्हायचा, पुन्हा यायचा. नायट्राइटची नळी आकाशीची जांभळी होईना. नायट्रेट ढिम्म. कोळंबी संपून दुसरी आली, दुसरी संपून तिसरी, वासाबद्दलचं स्वतंत्र पत्रही आलं. समुद्रशेठ चक्रावला; समुद्राने त्याचं ऐकलं नाही असं प्रथमच होत होतं. इकडे मुकादमाच्या पोटाला खळगी पडली होती आणि पांढरे पट्टे करडे दिसू लागले होते.

शेवटी मीटरकाकांनी निदान केलं. अमोनिया तयार होतोय, हे मोजा सांगतो. तो कमी होतोय, हे नळी सांगते. पण खाणाऱ्याने खाल्ला असता तर पुढे नायट्राइट दिसलं असतं. "माल येतोय, माल जातोय आणि विक्रीची नोंद नाही," मीटरकाका म्हणाले. "एक तर मीटर खोटा आहे, नाहीतर मधे कुणीतरी आकडा टाकलाय."

आकडा टाकणं म्हणजे तारेवर हूक टाकून चोरून वीज घेणं. बाबांचे कान तापले. पण निरीक्षकाच्या डोक्याने लगेच हिशोब मांडला: आपला मग धरला, दुसरा मगही धरला, तरी एवढी घट होत नाही. म्हणजे घरात आणखी कुणीतरी आहे. स्वतःच्या मगाचा भाग त्या हिशोबातून त्यांनी अलगद बाजूला काढून ठेवला, आणि त्यांचा संताप अगदी निर्मळ झाला.

अशा वेळी काय करायचं ते बाबांना पक्कं ठाऊक होतं. दौऱ्यावर जातोय, संध्याकाळी उशीर होईल, असं त्यांनी घरात मोठ्याने सांगितलं आणि भर दुपारी आवाज न करता कुलूप उघडून आत आले. अचानक तपासणी.

स्वयंपाकघरात नळ सुरू होता. आत्या पाहुण्यांच्या खोलीतला स्पंज भांड्यांच्या साबणाने घासत होती. समुद्रशेठ ज्या स्पंजात वस्ती व्हायला हवी म्हणत होता, तोच.

"ताई, हे काय?"

आत्या दचकलीसुद्धा नाही. "काय म्हणजे? बघ कसा झालाय. रोज धुते म्हणून निदान एवढा तरी आहे."

बाबा काही बोलणार तेवढ्यात मागच्या खोलीतून दादा बाहेर आला. या वेळी तो कॉलेजात असायला हवा होता, आणि त्याच्या हातात निळी बाटली असायला नको होती. पाण्यातला अमोनिया बांधून टाकणारं औषध. रोज झाकणभर घालतो, म्हणाला. मग बापाकडे पाहून म्हणाला, "तुम्ही दौऱ्यावर होतात ना?" जणू गुन्हा तोच.

चौथी आरोपी दप्तर पाठीवर घेऊन आपल्या पायांनी दारात आली. धाकटीने साबणाचा फेस पाहिला, बाटली पाहिली, आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं, "मी काही ओतलं नाही. मी फक्त थेंब कमी घालते."

"किती?"

"आठाच्या जागी पाच. मग हिरवा कमी दिसतो."

बाबा खुर्चीत बसले. बाजारात असलं माप सापडलं असतं तर त्यांनी दुकान सील केलं असतं. वजनमापे निरीक्षकाच्या घरात, निरीक्षकाच्या पोटच्या मुलीने, आठाच्या जागी पाच. त्यांनी आवाज चढवायची तयारी केली. विश्वासघात, शिस्त, आणि बिचारा मुकादम, असे तीन मुद्दे त्यांच्या मनात तयारही झाले होते.

"बाबा," धाकटी म्हणाली, "ड्रमचं झाकण रोज सकाळी ओलं असतं."

ड्रमला गळती असेल, असं म्हणायची शक्यता बाबांनी तपासून पाहिली. तिघंही त्यांच्याकडे बघत होती. नळ अजून चालू होता.

"एक मग," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "कधी दोन."

दादाने नळ बंद केला. आत्या ओल्या हातांनीच स्टुलावर टेकली. ती म्हणाली, तू ती नळी बघतोस आणि तुझं तोंड त्या दिवसांसारखं होतं, मला नाही बघवत, म्हणून धुते. दादा म्हणाला, मी धाकटीसाठी करत होतो. धाकटी म्हणाली, मी सगळ्यांसाठी.  बाबा पायांकडे बघत बसले.

"आईलापण मी आकडा कमीच सांगितला होता," धाकटी म्हणाली.

ती थांबली नाही.

"शेवटचा रिपोर्ट आला ना, तेव्हा तिने मला बोलावलं. चष्मा नाहीये, वाचून दाखव म्हणाली. मी आकडा कमी करून वाचला. तर म्हणाली, बाबांनी काल वेगळाच सांगितला, आणि दादाने सकाळी त्याहून तिसराच. तिघं एकदा एकत्र बसा आणि एक आकडा ठरवून घ्या गं, मला एवढे लक्षात राहत नाहीत."

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग काही नाही. चष्मा तिच्या उशीखालीच होता."

पहिल्यांदा दादाला हसू आलं. मग आत्याला, पदर तोंडाला लावून. आईचा तो आवाज, तो 'गं', सगळ्यांना जसाच्या तसा ऐकू आला होता. हसता हसता कुणाचं काय झालं ते इथे लिहीत नाही. स्वयंपाकघर लहान होतं आणि चौघांना तोंड फिरवायला भिंती पुरल्या, एवढंच.

बाबांच्या मनात मात्र एक गोष्ट फिरत राहिली. तिला माहीत होतं. चष्मा लावून खरा आकडा तिने वाचला होता आणि त्यावर हे तिघं येऊन आपापले खोटे आकडे ठेवून जात होते. ती सगळ्यांचे ऐकून घेत होती. आपला खरा आकडा मात्र तिला कुणाशीच बोलता आला नाही.

त्या दिवसापासून पाहुण्यांच्या खोलीला नवीन कायदा लागू झाला. टाकीला कुणी हात लावायचा नाही, थेंब आठ, आणि जे दिसेल ते मोठ्याने वाचायचं. पहिल्याच संध्याकाळी नळी अशी हिरवीगार झाली की मीटरकाकांनी उठून टाळी वाजवली. चौघं मान खाली घालून ऐकत होते. काही झालं नाही. गॅसवरचं दूध नेहमीसारखं उतू गेलं, आत्या नेहमीसारखी ओरडली, सगळे जेवले. आकडा वाईट होता आणि तो सगळ्यांना एकच माहीत होता, हे या घरात नवीनच होतं.

चाचणी मागच्या खोलीत व्हायची, म्हणून सगळे तिथे बसू लागले. आधी उभ्या उभ्या, मग दादाने सतरंजी आणली. नळीतला रंग स्थिर व्हायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात काहीतरी बोलावं लागतं. आत्या सांगायची, पहिल्यांदा या घरी आले तेव्हा तुमच्या आईने माझ्या हातात पाण्याचा ग्लास द्यायच्या आधी माशांच्या दाण्यांचा डबा दिला. बाबा लॉजची थट्टा सांगायचे, सगळी, स्वतःला बोचेल त्या शेवटापर्यंत. आत्याला स्पंज दिसायचा. काळपट, बुळबुळीत, तिच्या हातभर अंतरावर. ती स्वतःच्या हातांवर बसून राहायची.

मग हिरवा उतरू लागला, कुणी न उतरवता. आकाशी नळी जांभळी झाली, शाई सांडल्यासारखी, आणि तिसरीत किंचित केशरी झाक आली. समुद्रशेठ स्वतः बघायला आला आणि हे सगळं आपण पहिल्या दिवशीच सांगितलं होतं असं म्हणाला, जे दुर्दैवाने खरं होतं. एका शनिवारी अमोनिया शून्य झाला आणि नायट्राइटची नळी जवळजवळ आकाशी. उद्या एकदा बघू, मग पाहुण्याला आणायला जाऊ, असं ठरलं. धाकटीने मोठ्या टाकीसमोर बसून मुकादमालाही ते कळवलं. त्याने ऐकलं असावं. काचेपासून वळून त्याने तिच्याकडे पाहिलं होतं.

रविवारी सकाळी बाबा सगळ्यांच्या आधी उठले. दिवाणखान्यातला पडदा सरकवला. मुकादम तळाच्या वाळूवर कुशीवर पडला होता.

बाबांनी जाळीने त्याला बाहेर काढलं. तळहातावर तो फारच लहान दिसत होता. देखरेख करताना मोठा वाटायचा. आपल्या मगांनी, स्पंजांनी, पाच थेंबांनी जे दिवस वाया घालवले तेवढे मिळाले असते, तर हा बाई झाला असता, घर सांभाळलं असतं.  घरात अजून कुणी उठलं नव्हतं.

आणि त्यांच्या डोक्यात लगेच व्यवस्था सुरू झाली. समुद्रशेठ लवकर उघडतो. नारिंगी अंग, तीन पट्टे, असे त्याच्याकडे पुष्कळ असतात. एक मोठासा निवडायचा, आणायचा आणि सोडायचा. कुणाच्या बापाला कळणार नाही. दुपारी धाकटी म्हणेल, बघा, आज खातोय. बाबांनी मुकादमाला रुमालात गुंडाळलं, खिशात किल्ली टाकली आणि दारापाशी बसून बूट घातले. एका बुटाची नाडी बांधून झाली. दुसरी बांधताना त्यांना उशीखालचा चष्मा आठवला.

 त्यांनी बांधलेली नाडी सोडली, दोन्ही बूट काढून जागेवर ठेवले आणि आत जाऊन प्रत्येकाला हाक मारून उठवलं.

"मुकादम गेला," ते म्हणाले. "पहाटे कधीतरी. मी नवीन आणून ठेवणार होतो, तुम्हाला न सांगता. बूटही घातले होते."

रुमाल त्यांनी टेबलावर उघडला. धाकटीने एका बोटाने पांढऱ्या पट्ट्यावरून हात फिरवला आणि रडली, मोठ्याने, शाळेत कुणी ऐकलं असतं तर प्रयोगशाळेची चावी काढून घेतली असती इतक्या मोठ्याने. दादाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग स्वतःच तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. आत्या गॅलरीत गेली नाही. तिथेच उभी राहिली. मुकादमाला कढीलिंबाच्या कुंडीत ठेवलं. ती कुंडी आईची होती.

थोड्या वेळाने आपोआप सगळे मागच्या खोलीतल्या सतरंजीवर येऊन बसले. धाकटीने नाक पुसलं आणि किट उघडलं. बाबा थेंब मोजत गेले, आठापर्यंत, मोठ्याने. पहिली नळी पिवळी. दुसरी स्वच्छ आकाशी. तिसरी केशरी.

"तयार आहे खोली," दादा म्हणाला.

 मग आत्या म्हणाली, "तयार आहे तर रिकामी कशाला ठेवायची? तो छोटा समुद्रशेठकडे आपली वाट बघतोय." आणि तिसऱ्या नळीकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हे केशरी कधी शून्य होणार?"

"ते नाही होत," धाकटी म्हणाली. "थोडं पाणी काढत राहायचं, थोडं ताजं घालत राहायचं. मग त्याचा त्रास होत नाही."

"अगं, मग आपण चौघं इतके दिवस दुसरं काय करत होतो?" आत्या म्हणाली.

"तेच," बाबा म्हणाले. "आता सांगून करायचं." आणि उठून त्यांनी तो मग आणला, आणि आत्याच्या हातात दिला.